घरावर आलेला लोड

इंदूरमध्ये २५ मार्च २०२० ला कर्फ्यू लागला आणि ३० मार्चपासून दूध-किराण्याची दुकानंही बंद झाली. त्याच आठवड्यात हजारो लोकांना ऑफिसकडून ‘आता घरून काम करा’ असा मेल आला. घरी काम करण्याजोगा कोपरा आहे का, हे विचारण्याइतकी सवड कुणाकडे नव्हती. इंदूरच्या सुपर कॉरिडॉर रस्त्यावरचे टीसीएस आणि इन्फोसिसचे परिसर सेझमध्ये, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रात येतात. तिथे ड्यूटी न भरता आलेला संगणक कुंपणाबाहेर न्यायचा तर परवानगीचा कागद लागतो. कॉल सेंटरांची अडचण आणखी वेगळी होती. घरून फोन घेणाऱ्या माणसासाठी दूरसंचार खात्याला मोठ्या रकमेची बँक गॅरंटी लागायची, शिवाय मान्यताप्राप्त कंपनीकडूनच घेतलेला व्हीपीएन, म्हणजे घरातून ऑफिसच्या जाळ्यात शिरायची खासगी वाट. १३ मार्च २०२० ला या अटी ३० एप्रिलपर्यंत सैल केल्या, मग मुदत वाढत गेली आणि ५ नोव्हेंबरच्या नव्या नियमावलीत गॅरंटीची भानगडच संपली. कागदावरचं सगळं असं भराभर मार्गी लागलं. घरातली वायरिंग, पाणी, दारं आणि माणसं मात्र होती तशीच होती.

ऑफिस म्हणजे चार भिंती आणि हजेरी, एवढाच आपला समज होता. तळघरातला जनरेटर, यूपीएसची खोली, नीट केलेलं अर्थिंग, उंची कमी-जास्त करता येणारी खुर्ची, आतून बंद होणारी मीटिंगची खोली, दुपारी आयतं मिळणारं जेवण, एवढंच काय पाण्याचा जार बदलणारा माणूस, या सगळ्याचा भार ते मुकाट उचलत होतं. महामारीत हा भार एका रात्रीत घरावर आला. घरून काम जमलं की नाही याची चर्चा बहुतेकदा शिस्त आणि मन लागणं याच्याभोवती फिरते. मला ती अर्धवट वाटते. ज्यांचं जमलं नाही त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची गाडी फार साध्या, मोजता येणाऱ्या गोष्टींवर अडली होती.

आणि सुरुवातीला तर काही विकतही मिळत नव्हतं. २० एप्रिलपासून लॅपटॉप, मोबाईल वगैरे ऑनलाइन मागवता येतील असं सरकारने जाहीर केलं आणि आदल्या दिवशी मागे घेतलं. ४ मेनंतर इतर शहरांत पार्सलं सुरू झाली, पण इंदूर रेड झोनमध्ये, म्हणजे आणखी दोन आठवडे फक्त जीवनावश्यक वस्तू. तोवर जे घरात होतं त्यावरच भागवायचं होतं.

विजेपासून सुरुवात करू, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे.

इंदूरच्या घरात लाईट जाणं हा प्रश्न पूर्वीइतका मोठा राहिलेला नाही. खरा त्रास व्होल्टेजचा आहे, आणि त्याचं वेळापत्रक नर्मदेच्या नळाशी जोडलेलं आहे. नर्मदेचं पाणी शहरात एक दिवसाआड येतं. ज्या दिवशी नळ येतो त्या दिवशी गल्लीतल्या घराघरांत नळाचं पाणी ओढणारा छोटा टुल्लू पंप सुरू होतो. अर्धा एचपीचा पंप चालताना पाचशे-सहाशे वॅट घेतो, पण सुरू होतानाच्या क्षणी त्याच्या कित्येक पट करंट ओढतो. एकाच फेजवर असे आठ-दहा पंप पाच मिनिटांत लागले की जुन्या, बारीक सर्व्हिस वायरच्या टोकाला असलेल्या घरात व्होल्टेज २३० वरून १८० च्या खाली येतं. पंखा मंद होतो, ट्यूब एकदा लुकलुकते आणि इन्व्हर्टर ‘टक’ करून बॅटरीवर जातो. मिनिटभराने परत मेनवर. पुन्हा बॅटरीवर. वीज चालू असताना इन्व्हर्टर असा उड्या का मारतो, हे बऱ्याच जणांना कळत नाही, आणि मेकॅनिक येऊन बॅटरी बदलायला सांगून जातो.

याचं उत्तर इन्व्हर्टरच्या मागच्या बाजूला असलेल्या एका छोट्या स्विचमध्ये आहे. त्यावर ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ (काही कंपन्या ‘इको’ म्हणतात) अशा दोन खुणा असतात. यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर साधारण १८० ते २६० व्होल्टपर्यंतचीच वीज स्वीकारतो, त्याबाहेर गेली की लगेच बॅटरीवर जातो, आणि हा बदल दहा-पंधरा मिलिसेकंदांत करतो. नॉर्मल मोडमध्ये तो १०० पासून २९० पर्यंत सगळं चालवून घेतो, पण बदलायला चाळीसेक मिलिसेकंद लावतो. डेस्कटॉपचा पॉवर सप्लाय वीज गेल्यावर सोळा-सतरा मिलिसेकंद तग धरतो. त्यामुळे नॉर्मल मोडवर ठेवलेल्या इन्व्हर्टरला डेस्कटॉप जोडला तर लाईट गेली की तो बंद पडून पुन्हा सुरू होणार आणि न साठवलेलं काम जाणार. लॅपटॉपला याचं सोयरसुतक नाही, त्याच्या पोटात बॅटरी आहे. तेव्हा कंपनीने डेस्कटॉप घरी पाठवला असेल तर यूपीएस मोड, लॅपटॉप असेल तर नॉर्मल मोड. डेस्कटॉपही आहे आणि गल्लीत टुल्लूही आहेत, असं दुहेरी संकट असेल तर डेस्कटॉपला ६०० व्हीएचा वेगळा छोटा यूपीएस लावून इन्व्हर्टर नॉर्मलवर ठेवायचा. हा स्विच कुणी सांगत नाही, आणि दुकानदार तर नाहीच.

बॅटरी किती वेळ चालेल याचा हिशोबही एकदा स्वतः करावा. १२ व्होल्टची १५० एएचची (अँपिअर-तासांची) ट्युब्युलर बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. ती पूर्ण रिकामी करायची नसते आणि इन्व्हर्टरमध्येही काही वाया जाते, म्हणून हाताशी येते ती साडेअकराशे. लॅपटॉप ६० वॅट, जुना पंखा ७५, ट्यूब २०, राउटर आणि फायबरचा डबा मिळून १५, म्हणजे १७० वॅट. साडेसहा तास निघतात. पण ती नवी असताना, आणि पूर्ण भरलेली असताना. भरायला दहा-बारा तास लागतात, त्यामुळे सकाळी तीन तास आणि दुपारी तीन तास लाईट गेली तर दुसऱ्या खेपेला बॅटरी अर्धीच असते. पंख्याच्या जागी बीएलडीसी पंखा लावला तर ७५ चे तीस-पस्तीस वॅट होतात. बॅटरी मोठी घेण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

बिलाचं एक गणित मात्र उन्हाळ्यात अचानक अंगावर येतं. मध्य प्रदेशात गृह ज्योती योजनेत महिन्याचा वापर १५० युनिटच्या आत असेल तर पहिल्या १०० युनिटांना १०० रुपये लागतात. १५० ओलांडले की सवलत जाते. आता लॅपटॉप, पंखा, ट्यूब आणि राउटर नऊ तास चालले की दिवसाला दीड-पावणेदोन युनिट वाढतात, कामाच्या सव्वीस दिवसांत चाळीस-पंचेचाळीस. दिवसभर कूलर लागला तर आणखी पस्तीस-चाळीस. एरवी १२० युनिट जाळणारं घर सवलतीतून बाहेर पडायला एवढं पुरे. ऑफिसने यातलं काही भरून दिलं अशी उदाहरणं विरळा, आणि त्याबद्दल कुणी फारसं बोललंही नाही. पगार चालू आहे हेच नशीब, असा तो काळ होता.

जुन्या घरांत अजून एक गोष्ट तपासावी. लॅपटॉप चार्जिंगला असताना त्याच्या पत्र्याला हात टेकला की मनगटाला मुंग्या येतात का? रामबाग, मल्हारगंज भागातल्या जुन्या वाड्यांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. चार्जरमधून अगदी थोडा करंट गळतो, तो अर्थमधून निघून जायचा, त्याला वाट नसल्याने तो तुमच्या हातातून जातो. सहसा धोका नसतो, पण आठ तास त्यावर मनगट ठेवून काम होत नाही. वायरमनकडून मल्टिमीटरने फेज आणि अर्थमधलं व्होल्टेज बघून घ्यावं. ते २३० च्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थमधलं दोन-तीनच्या आत असेल तर अर्थिंग जिवंत आहे. तीन पिना दोन पिनांत बसवणारा तो पिवळट कन्व्हर्टर घरातून कायमचा हद्दपार करावा.

आता नेट. सुदामा नगरसारख्या वसाहतींत प्लॉट पंधरा बाय पन्नास, वीस बाय पन्नास. घर आगगाडीसारखं लांब, एकामागे एक खोल्या. केबल पुढून येते म्हणून राउटर टीव्हीशेजारी, शोकेसमध्ये, गणपतीच्या मागे. काम करणाऱ्याला शांतता हवी म्हणून तो मागच्या खोलीत. मध्ये नऊ इंचांच्या दोन-तीन विटांच्या भिंती आणि एक लोखंडी कपाट. ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय पहिल्या भिंतीतच दमतं. २.४ वालं मागेपर्यंत जातं, पण त्यावर शेजारपाजारच्या दहा घरांची गर्दी. राउटरमध्ये जाऊन चॅनेल १, ६ किंवा ११ पैकी जो कमी वापरात असेल तो निवडला तर थोडा फरक पडतो. खरा फरक नेटची पंधरा मीटरची कॅट-६ वायर पाडते. दाराच्या चौकटीच्या कडेने, टाचण्या मारून, मागच्या खोलीपर्यंत आणावी. दिसायला वाईट दिसते, हे मान्य.

आवाज तुटतोय अशी तक्रार केली की ऑपरेटर ‘स्पीड टेस्ट करा’ म्हणतो, आणि स्पीड टेस्टमध्ये ९५ एमबीपीएस दिसतात. तो खोटं बोलत नसतो. बोलण्याला स्पीड लागतच नाही. ग्रुप व्हिडिओलाही दोन-तीन एमबीपीएस पुष्कळ झाले. लागतो तो सातत्याने येणारा डेटा. म्हणून पिंग करून बघावं, म्हणजे डेटाची छोटी पाकिटं पाठवून ती परत येतात का ते पाहावं. आधी राउटरलाच, बहुतेक ठिकाणी १९२.१६८.१.१ हा पत्ता असतो, शंभर पाकिटं पाठवावीत. त्यात चार-पाच गळली तर दोष घरातल्या वाय-फायचा, ऑपरेटरला फोन करून उपयोग नाही. ती सगळी पोचली आणि बाहेर गूगलच्या ८.८.८.८ या पत्त्यावर पाठवलेली गळली तर दोष बाहेरचा. फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’चा दिवा लाल लुकलुकत असेल तर प्रकाशच पोचत नाहीये, तार दारात चेमटली असेल किंवा खांबावर घट्ट वळवून बांधली असेल. फायबर बोटाएवढ्या वळणात वाकवली की आतला उजेड बाहेर गळतो. लाइनमन आला की ‘पॉवर किती येतेय’ विचारावं. उणे २० च्या आसपास उत्तम, उणे २७ च्या पलीकडे गेलं तर लाइन कधीही जाणार.

आणि एक चोर घरातच असतो. कुणाच्या तरी फोनमधले लग्नाचे फोटो आपोआप वर चढत असतात. अपलोडची वाट त्यांनी अडवली की समोरच्याला तुमचा आवाज रोबोसारखा ऐकू येतो, तुम्हाला मात्र त्याचा स्वच्छ येतो. ‘मला तर नीट ऐकू येतंय’ हे वाक्य म्हणजे अपलोड भरल्याची खूण. कामाच्या वेळात सगळ्यांच्या फोनचा फोटो-बॅकअप बंद. पहिल्या लॉकडाऊनमध्ये देशभर नेटवर असा ताण आला की व्हिडिओ दाखवणाऱ्या कंपन्यांनी १४ एप्रिलपर्यंत मोबाईलवरचं चित्र साध्या दर्जावर आणलं होतं. घरातही तोच नियम लावायचा. ज्यांच्याकडे फायबर नव्हतं ते फोनच्या हॉटस्पॉटवर, रोजच्या दीड जीबीत. व्हिडिओ लावून तासाला साधारण एक जीबी जातो, नुसत्या आवाजाला पन्नास-साठ एमबी. तेव्हा कॅमेरा चालू ठेवण्याची सक्ती करणारा साहेब त्या माणसाचा दिवसभराचा डेटा दीड तासात खर्च करत होता. कुणी कामावर आहे की नाही हे चॅटमधल्या नावापुढच्या हिरव्या ठिपक्यावरून ठरवणारे साहेबही याच जातीचे. त्यांच्यासाठी लोकांनी माउस हलवत बसण्याच्या युक्त्या शोधल्या, काम तेवढंच झालं.

एप्रिल उजाडला आणि इंदूरचा पारा चाळिशीकडे सरकला की खरी कुचंबणा सुरू झाली. इथे बऱ्याच घरांत कूलर. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, ती जायला दुसरीकडे दार-खिडकी उघडी लागते. ती बंद केली तर अर्ध्या तासात खोली दमट होते, कागद मऊ पडतात आणि घाम वाळेनासा होतो. मीटिंगसाठी मात्र दार बंद हवं. म्हणजे एकतर गारवा, नाहीतर शांतता. कूलरची घरघर माइकमध्ये सतत जाते ती वेगळीच. यावर जमलेला उपाय असा: दार बंद ठेवायचं, वरची झडप किंवा व्हेंटिलेटर पूर्ण उघडायचा, कूलर एक नंबरवर, खिडकीपासून थोडा मागे घेऊन खाली रबराचे तुकडे, आणि लॅपटॉपच्या माइकऐवजी तारेचा हेडफोन. माइकची दांडी तोंडासमोर आणायची नाही, ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटं बाजूला, म्हणजे श्वासाचा फुस्स आवाज जात नाही. ब्लूटूथवाले महागडे हेडफोन इथे कमी पडतात. माइक चालू झाला की ते ‘हँड्स-फ्री’ मोडवर जातात आणि आवाज जुन्या टेलिफोनसारखा होतो. साधा तारेचा बरा.

बाकी आवाजांना इलाज नाही. सकाळी कचरागाडी तिच्या भोंग्यासह येणारच. त्या गाड्यांबद्दल तक्रार करायला जीभ धजत नाही, कारण कडक बंदीच्या दिवसांत नगर निगमने किराण्याच्या याद्या त्यांच्यामार्फतच गोळा केल्या होत्या.

खुर्ची-टेबलाबद्दल लोक सर्वांत उशिरा जागे होतात, मान धरल्यावर. डायनिंग टेबल तीस इंच उंच असतं, खुर्ची सतरा-अठरा इंच. जेवायला हे ठीक, कारण हात सारखा वर-खाली होतो. टाइप करताना कोपर काटकोनात आणि खांदे सैल हवेत. सव्वापाच फूट उंचीच्या माणसाचं बसल्यावर कोपर जमिनीपासून पंचवीस-सव्वीस इंचांवर येतं. म्हणजे टेबल चार इंच जास्त उंच. आठ तास खांदे उचकलेले राहतात आणि दुखणं मानेत जाऊन बसतं. टेबलाचे पाय कापता येत नाहीत, तेव्हा खुर्चीवर रजई घडी घालून चार इंच वर चढायचं. लगेच दुसरी अडचण येते, पाय लोंबकळतात आणि मांडीच्या मागे रग लागते. त्यासाठी पायाखाली पाट. प्रत्येक मराठी घरात माळ्यावर चार पाट पडलेले असतात, त्यांना इतकं चांगलं काम दुसरं नाही. एक कमी पडला तर दोन, किंवा चौरंग. लॅपटॉपखाली जुने दिवाळी अंक रचावेत, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत येईपर्यंत. चांगला उंच गठ्ठा लागतो. मग त्याचा कीबोर्ड वापरता येत नाही, वेगळा कीबोर्ड आणि माउस घ्यावाच लागतो. हा खर्च टाळून नुसता लॅपटॉप वर चढवणाऱ्यांचं मनगट दुखतं. आणि दिवाणावर तक्क्याला टेकून, मांडीवर लॅपटॉप घेऊन काम? एखादा तास चालेल. तिथे सवय लागलेल्यांनी फिजिओथेरपिस्टांची दुकानं चालवली.

आयटीवाल्यांपेक्षा बिकट अवस्था हिशोबाच्या ऑफिसांची झाली, आणि त्यांच्याबद्दल फार कमी लिहिलं गेलं. सियागंजचे घाऊक व्यापारी, सीएंची ऑफिसं, कर सल्लागार. वर्षाखेर तोंडावर, डेटा ऑफिसच्या एका संगणकात, कर्मचारी पाच दिशांना. टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा म्हणजे एक फोल्डर. व्हीपीएन लावून तो घरच्या टॅलीत उघडता येतो, आणि नेमकं तेच करायचं नसतं. टॅली त्या फाइलींत थेट लिहितं. नोंद अर्धी लिहून होताच नेट तुटलं की डेटा बिघडतो, मग दुरुस्ती चालवा, नाहीतर कालच्या बॅकअपवर या. बरोबर पद्धत म्हणजे टॅली ऑफिसच्याच संगणकावर चालवायचं आणि घरून फक्त त्याचा पडदा बघायचा. नेट तुटलं तरी तिकडे नोंद सुरक्षित.

पडदा बघायचे दोन मार्ग. विंडोजचा स्वतःचा रिमोट डेस्कटॉप, तो यजमान संगणकावर ‘प्रो’ आवृत्ती असेल तरच चालतो, ‘होम’वर नाही. किंवा एनीडेस्कसारखं सॉफ्टवेअर. रिटर्नवर डिजिटल सही करायची असेल तर इथे एक खोच आहे. सहीचा यूएसबी टोकन ऑफिसच्या संगणकाला लावून ठेवला आणि विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपने आत गेलात, तर ‘टोकन सापडत नाही’ असा संदेश येतो. विंडोज त्या सत्रात ऑफिसचं नाही, तुमच्या घरच्या संगणकाचं स्मार्टकार्ड शोधतं. लोक ड्रायव्हर काढून पुन्हा टाकत बसले, त्याने काही होत नाही. एनीडेस्कमधून टोकन दिसतो, कारण तिथे तुम्ही संगणकासमोर बसल्यासारखेच असता. टोकनचा पासवर्ड मात्र अंदाजाने मारत बसू नये, काही चुकांनंतर टोकन लॉक होतो आणि बहुतेकदा सही नव्याने काढावी लागते. शिवाय पक्षकाराचा टोकन आणि पासवर्ड दोन्ही आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवायची जी पद्धत सगळीकडे आहे, ती कायद्यात बसत नाही. कर्फ्यूत ती सोयीची वाटली, एवढंच.

ही अडचण सरकारपर्यंतही पोचली होती. २४ मार्च २०२० ला फेब्रुवारी ते एप्रिलच्या जीएसटीआर-३बी या जीएसटीच्या रिटर्नची मुदत जूनअखेरच्या आठवड्यावर नेली गेली, आणि एरवी डिजिटल सहीशिवाय रिटर्न भरू न शकणाऱ्या कंपन्यांना २१ एप्रिलपासून ते नुसत्या ओटीपीवर भरायची मुभा मिळाली. टोकन कुलपात आणि कुलूप कंटेनमेंट झोनमध्ये, अशी अवस्था देशभर असणार.

यातलं सगळं नीट केलं तरी योजना एका गोष्टीवर हमखास कोसळते: ऑफिसचा संगणक चालूच राहत नाही. अर्ध्या तासात तो झोपतो, म्हणून पॉवर सेटिंगमध्ये ‘स्लीप’ला ‘कधीच नाही’ करून ठेवायचं. लाईट जाऊन आली की तो आपोआप सुरू होत नाही, म्हणून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, वीज परतल्यावर चालू व्हायचा पर्याय लावायचा. आणि तिसरं, इमारतीचा चौकीदार. संध्याकाळी सगळ्या मजल्यांचे मेन खाली पाडून जाणं ही त्याची वर्षानुवर्षांची चोख सवय. त्याच्या बोर्डावर मोठ्या हिंदी अक्षरांत चिठ्ठी चिकटवल्याशिवाय वरची दोन्ही सेटिंगं व्यर्थ.

कामाच्या पद्धतीत सर्वांत महाग पडलं ते खुर्ची मागे फिरवून विचारता न येणं. ऑफिसात दोन मिनिटांत सुटणाऱ्या प्रश्नासाठी घरून ‘हाय’, मग उत्तराची वाट, मग ‘एक विचारायचं होतं’, मग अर्ध्या तासाची मीटिंग. जुन्या माणसांना हे खपून जातं, कोणाला काय विचारायचं ते त्यांना माहीत असतं. २०२० च्या उन्हाळ्यात कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडून घरूनच रुजू झालेल्या मुलामुलींचं मात्र यात नुकसान झालं. शेजारी बसून कान टवकारून शिकणं त्यांच्या वाट्याला आलंच नाही. त्यातल्या त्यात उपयोगी पडलेली रीत अशी की पहिल्याच निरोपात सगळं लिहायचं: कोणती फाइल, काय करून पाहिलं, कुठे अडलं, उत्तर कधीपर्यंत हवं. समोरचा आंघोळीहून आला की एका झटक्यात उत्तर देतो. आणि रोज एक ठरलेला तास असा ठेवायचा की नव्या माणसाने काहीही विचारण्यासाठी फोन उचलायचा, परवानगी न मागता.

घरातली वाटणी हा सगळ्यांत नाजूक भाग. तीन खोल्यांत दोन नोकऱ्या, एक ऑनलाइन शाळा आणि सासू-सासरे. दार असलेली एकमेव खोली कुणाला, हे बहुतेक घरांत न बोलताच ठरलं, आणि ती सूनबाईला मिळाली अशी घरं मोजकीच. तिची मीटिंग स्वयंपाकघराच्या ओट्याला लागून. “अगं, झालं का तुझं? नळ आलाय बघ,” ही हाक अनम्यूट असताना इंदूरच्या किती घरांतून बंगळुरूपर्यंत गेली असेल! सासूबाईंचंही चूक नव्हतं, नळ कुणाच्या मीटिंगसाठी थांबत नाही. कामाला येणाऱ्या बाईला तर घरून काम हा पर्यायच नव्हता. तिचं येणं बंद झालं तेव्हा काही घरांनी पगार चालू ठेवला, काहींनी नाही, आणि तिचं काम मात्र घरात शिल्लकच राहिलं.

ज्या घरांत निभावलं तिथे फ्रिजवर एक कागद होता. वरच्या ओळीत नळाचे दिवस, कारण तेच कुणाला बदलता येत नव्हते. त्याखाली मुलांचे तास, मग मीटिंगा, आणि दार असलेली खोली कोणत्या तासाला कुणाची. रविवारी रात्री बसून भरायचा. नळाच्या दिवशी सकाळी मीटिंग ठेवायची नाही, आणि ठेवावीच लागली तर पाणी भरायचं काम त्या दिवशी दुसऱ्याचं, नावानिशी लिहिलेलं. “मी बघतो” असं तोंडी सांगितलेलं चालत नाही. दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिल-मेच्या कोरोना कर्फ्यूत, घराघरांत आजारपण होतं तेव्हा असे कागद फाटले आणि फाटायलाच हवे होते. पलंगाशेजारी ऑक्सिमीटर घेऊन मीटिंगला बसलेली माणसं तेव्हा होती. त्यांना बसू देणाऱ्या ऑफिसांबद्दल माझं मत लिहिण्याजोगं नाही.

पुढे सगळं हळूहळू नियमांत बसलं. जुलै २०२२ मध्ये सेझच्या नियमांत ४३ए हा नवा नियम आला, निम्म्या कर्मचाऱ्यांना जास्तीत जास्त वर्षभर घरून काम करता येईल असा. डिसेंबरात ती मर्यादा सगळ्यांसाठी उठवली आणि मुदत २०२३ अखेरपर्यंत नेली. आता बऱ्याच ठिकाणी थोडे दिवस ऑफिस, थोडे दिवस घर. त्यातून नवा घोळ निघाला आहे: चांगली खुर्ची आणि दुसरा स्क्रीन नक्की कुठे ठेवायचा? माझं उत्तर, जिथे टायपिंग जास्त होतं तिथे. ऑफिसच्या दिवशी तसाही अर्धा वेळ बोलण्यात जातो.

आणि २०२० साली घाईने घेतलेल्या बॅटऱ्या आता वयाला आल्या आहेत. ट्युब्युलर बॅटरी नीट सांभाळली, दर तीन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर घातलं, तरी चार-पाच वर्षं. साडेसहा तासांची दोनवर आली असेल तर पाणी घालून ती सुधारत नाही. बदलताना जुनी दुकानदाराला परत द्यावी, तिच्या शिशाचे पैसे बिलातून वजा होतात. भंगारवाल्याला देऊ नये, तो ॲसिड नालीत ओततो. पण तीच १५० एएच पुन्हा घ्यायची का, हा हिशोब आधी करावा. आठवड्यातून दोनच दिवस घरी काम असेल, लॅपटॉपची बॅटरी तीन तास चालत असेल, तर राउटर आणि फायबरच्या डब्यासाठी बारा व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस पुरतो. घेताना दोन्ही अडॅप्टरवरचे अँपिअर वाचून न्यावेत. एक-एक अँपिअरचे असतील तर दोन अँपिअरचा लागेल. नुसता ‘राउटरचा यूपीएस द्या’ म्हटलं की दुकानदार एकाचाच देतो आणि लाईट गेली की डबा चालू, राउटर बंद.